‘इंडी’ : एका शब्दाचा अर्थ आणि अर्थकारण

१

अर्थपरिवर्तनाचा विचार करताना आपण बहुधा जुन्या शब्दांकडे वळतो. संस्कृतातील एखादा शब्द प्राकृतात कसा आला, तेथून मराठीत येताना त्याचा अर्थ कसा आकुंचित वा विस्तृत झाला, हे दाखविण्यासाठी शतकांचे अंतर ओलांडावे लागते. आणि मधले टप्पे हाताशी नसल्यामुळे ते अनुमानानेच भरून काढावे लागतात. ज्या शब्दाचा अर्थ अवघ्या दहा-बारा वर्षांत पालटला आणि त्या पालटाचे सर्व टप्पे दिनांकांसह आपल्यापुढे आहेत, असा शब्द विरळाच. इंग्रजीतील ‘इंडी’ हा असा एक शब्द होय.

ह्या शब्दाकडे माझे लक्ष वळले ते विभागातील एका चर्चासत्रामुळे. एका विद्यार्थिनीने आपल्या निबंधात ‘इंडी पॉप’ ह्या संज्ञेचा अर्थ ‘साध्या वाद्यमेळातील, हळुवार, घरगुती वळणाचे गाणे’ असा दिला होता. दुसऱ्या एका विद्यार्थ्याने त्यास हरकत घेतली. त्याच्या मते ‘गाणाऱ्यांनी स्वतःच्या खर्चाने काढलेले गाणे’ एवढाच त्या संज्ञेचा अर्थ असून गाणे हळुवार आहे की कर्कश, हा प्रश्न तेथे उद्भवत नाही. दोघांनीही कोशांचे आधार दाखविले, आणि दोघांचेही आधार खरे होते. एकाच शब्दाचे हे दोन अर्थ एकमेकांशी कसे जोडले गेले, आणि त्यांची गल्लत झाल्याने नेमके काय बिघडते, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

आरंभीच एक खुलासा करणे इष्ट होईल. ‘बँड’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर लग्नाची वरात उभी राहते. येथे मात्र तीन ते पाच जणांचा, आपली गाणी आपणच रचणारा, गाणारा आणि वाजविणारा लहानसा संच एवढ्याच अर्थाने हा शब्द योजिला आहे.

२

प्रथम शब्दाची घडण पाहू. ‘इंडिपेंडंट’ ह्या विशेषणाचा केवळ पहिला तुकडा ठेवून त्यास ‘ई’ हा प्रत्यय जोडला की ‘इंडी’ सिद्ध होतो. इंग्रजीत हा प्रत्यय लघुत्व व जवळीक दर्शवितो; ‘मूव्ही’, ‘टॉकी’ हे शब्द ह्याच जातीचे. मराठीत ‘विनायक’चा ‘विन्या’ होतो तेव्हा जी क्रिया घडते, तिच्याशी हिचे साम्य आहे : शब्द आखूड होतो आणि बोलणाऱ्याचे त्याच्याशी असलेले नाते बदलते. हा संक्षेप संगीतातला मूळचा नव्हे. अमेरिकेतील चित्रपटधंद्यात, मोठ्या चित्रसंस्थांच्या बाहेर राहून चित्रपट काढणाऱ्या निर्मात्यांसाठी तो विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच रूढ होता. तेथून तो ध्वनिमुद्रिकांच्या व्यवसायात आला. ह्या टप्प्यापर्यंत त्याचा अर्थ निखळ आर्थिक होता. माल कसा आहे हे तो सांगत नसे. माल कोणाचा आहे, एवढेच सांगे.

३

हा आर्थिक अर्थ नीट उमगण्यासाठी ध्वनिमुद्रिका कशी तयार होत असे, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. गाणे प्रथम चुंबकीय फितीवर मुद्रित होई. त्या फितीवरून लॅकरचा थर दिलेल्या चकतीवर खोबण कोरली जाई. तिच्यापासून धातूचे ठसे तयार होत. आणि त्या ठशांनी तबकड्या छापल्या जात. मग चिकटपट्टी, वेष्टन, वाहतूक आणि विक्री. १९७० नंतरच्या दशकात ब्रिटनमध्ये ह्या साखळीतील बहुतेक कड्या ई. एम. आय., डेक्का, सी. बी. एस. अशा मोजक्या मोठ्या कंपन्यांच्या हाती होत्या. करार झालेल्या बँडचा खर्च कंपनी करी. मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कंपनीकडे राही. गाणाऱ्यास विक्रीवर काही टक्के मिळत, परंतु त्यातून आधी कंपनीचा खर्च वळता होई. लहान स्वतंत्र कंपन्या पूर्वीही होत्या. तथापि गाणाऱ्यांनी स्वतःच प्रकाशक व्हावे, ही कल्पना सर्वसाधारण बँडच्या आवाक्यातील मानली जात नव्हती.

ही समजूत ज्या तबकडीने ढासळविली, ती मँचेस्टरच्या ‘बझकॉक्स’ ह्या बँडची ‘स्पायरल स्क्रॅच’ ही होय. हॉवर्ड डिव्होटो आणि पीट शेली ह्यांच्या ह्या बँडने २८ डिसेंबर १९७६ रोजी चार गाणी मुद्रित केली आणि जानेवारी १९७७ च्या अखेरीस ‘न्यू हॉर्मोन्स’ ह्या स्वतःच काढलेल्या नाममुद्रेखाली ती प्रसिद्ध केली. मित्र व नातेवाईक ह्यांच्याकडून उसने घेतलेले सुमारे ५०० पौंड हे त्यांचे भांडवल. पहिल्या १,००० प्रती संपल्या, पुन्हा छापाव्या लागल्या, आणि अखेर ही संख्या सुमारे १६,००० पर्यंत गेली. आपल्या दृष्टीने त्या तबकडीचे वेष्टन अधिक उद्बोधक आहे. प्रत्येक गाणे कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले आणि त्यावर मागाहून कितीदा भर घातली, ह्याची नोंद तेथे छापली होती. जो तपशील तोवर ध्वनिमुद्रणगृहाच्या भिंतींआड राही, तो येथे श्रोत्याच्या हाती पडला.

त्याच वर्षी लंडनमध्ये ‘डेस्परेट बायसिकल्स’ हा बँड निघाला, तो मुळी स्वतःची तबकडी स्वतः काढून पाहावी ह्याच हेतूने. त्यांच्या पहिल्या तबकडीच्या ५०० प्रतींना १५३ पौंड लागले. तिच्या विक्रीवर दुसरी निघाली आणि तीत त्यांनी हा हिशेब जाहीर करून इतरांनाही तसे करण्याचे आवाहन केले. १९७८ मध्ये ‘स्क्रिटी पोलिटी’ ह्या बँडने ह्याच्याही पुढचे पाऊल टाकले. ‘स्कँक ब्लॉक बोलोन्या’ ह्या त्यांच्या तबकडीच्या वेष्टनावर ध्वनिमुद्रण, ठसे, छपाई आणि चिकटपट्ट्या ह्यांचा बाबवार खर्च दिला होता. पाककृतीच्या पुस्तकात साहित्य व कृती दोन्ही द्यावीत, तसे हे वेष्टन होते. फरक इतकाच की, येथे पदार्थही सोबत मिळत असे.

ह्या तीनही तबकड्यांतील संगीत परस्परांपासून पुष्कळच वेगळे आहे. बझकॉक्स वेगवान व धारदार. डेस्परेट बायसिकल्सची वाद्ये ओबडधोबड. स्क्रिटी पोलिटीच्या गाण्याची लय तुटक आणि तिच्यावर जमैकन संगीताची छाया. त्यांना एकत्र आणणारी गोष्ट म्हणजे उत्पादनाची रीत. १९७७-७८ च्या सुमारास ह्या तबकड्यांना स्वतंत्र म्हणावयाचे ते ह्याच एका अर्थाने.

४

तबकडी छापणे हा प्रश्नाचा सोपा भाग होता. अवघड भाग पुढेच होता. छापून आलेल्या हजार प्रती राहत्या खोलीत पलंगाखाली पडून राहिल्या, तर स्वातंत्र्याचा उपयोग काय? येथे वितरणाचा प्रश्न येतो. आणि पुढील सर्व अर्थपरिवर्तनाची गुरुकिल्लीही येथेच आहे.

जेफ ट्रॅव्हिस ह्यांनी १९७६ मध्ये पश्चिम लंडनमध्ये ‘रफ ट्रेड’ नावाचे दुकान उघडले. बँड आपल्या प्रती तेथे आणून देत आणि दुकान त्या इतर गावांतील दुकानांना घाऊक भावाने पाठवी. १९७८ पासून रफ ट्रेड स्वतःही तबकड्या काढू लागले. त्यांची रीत अशी की, खर्च वजा जाता उरलेला नफा बँड व संस्था ह्यांनी निम्मानिम्मा वाटून घ्यावयाचा. ह्याच नाममुद्रेची ‘स्टिफ लिटल फिंगर्स’ ह्या बँडची दीर्घ तबकडी १९७९ मध्ये ब्रिटनच्या सर्वसाधारण विक्रीक्रमात १४ व्या स्थानी पोहोचली आणि तिच्या एक लाखाहून अधिक प्रती खपल्या. मोठ्या कंपनीवाचून एवढी मजल मारता येते, हे त्यावरून सिद्ध झाले. पुढे यॉर्क, ब्रिस्टल, लिव्हरपूल, एडिंबरो इत्यादी ठिकाणच्या वितरकांनी रफ ट्रेडसह ‘कार्टेल’ नावाचा संघ उभारला. बी. बी. सी. वरील जॉन पील ह्यांच्या रात्रीच्या कार्यक्रमातून अशा तबकड्या देशभर ऐकू येत. म्हणजे छपाई बँडची, वाहतूक संघाची आणि प्रसिद्धी सार्वजनिक नभोवाणीची, अशी ही व्यवस्था होती.

जानेवारी १९८० मध्ये एका व्यापारी साप्ताहिकाने स्वतंत्र तबकड्यांचा वेगळा विक्रीक्रम छापण्यास आरंभ केला. ही सूचना ‘चेरी रेड’ ह्या लहान कंपनीच्या इयन मॅकने ह्यांची. त्यासाठी व्याख्या करणे ओघानेच आले. आणि ती वितरणावर बेतली गेली. तबकडी मोठ्या कंपन्यांच्या वितरणयंत्रणेबाहेरून दुकानात आली असेल, तर ती ह्या क्रमात येण्यास पात्र. संगीताचा बाज काय, बँड गरीब की श्रीमंत, ह्याचा विचार नाही. कोशकाराला हेवा वाटावा इतकी ही व्याख्या स्वच्छ होती.

५

तथापि भाषा व्याख्येने चालत नाही, वापराने चालते. हा क्रम दर आठवड्यास वाचणाऱ्या श्रोत्याच्या मनात नकळत एक साहचर्य तयार होत गेले. स्वस्त ध्वनिमुद्रणगृह, भाड्याचे मोजके तास, न शिकविलेले आवाज, थोडी वाद्ये आणि आखूड गाणी, ह्या सर्व गोष्टी पैशाच्या टंचाईतून आलेल्या होत्या. परंतु कानाला कारण ऐकू येत नाही, कार्य ऐकू येते. खणखणीत तारांची गिटार, किंचित बेसूर कोवळा आवाज, मागे पडलेला ढोल, हा नाद म्हणजेच ‘इंडी’ असे समीकरण बसले. कारणवाचक शब्द कार्याला लागू झाला. आपल्या परिभाषेत ही लक्षणा होय. आणि आरंभी प्रयोजनवती असलेली लक्षणा वापराने रूढ झाली.

हा पालट पुरा झाल्याची खूण म्हणून १९८६ हे वर्ष सांगता येते. त्या वर्षी ‘न्यू म्युझिकल एक्स्प्रेस’ ह्या साप्ताहिकाने रफ ट्रेडच्या साहाय्याने बावीस बँडांची गाणी असलेली एक ध्वनिफीत वाचकांसाठी काढली. तिचे नाव ‘सी ८६’. त्या फितीत खडबडीत, तुटक लयीची, मुद्दाम बेडौल ठेवलेली गाणीही बरीच होती. असे असूनही पुढील काळात ‘सी ८६’ हे नाव केवळ तीमधील गोड, गिटारप्रधान गाण्यांच्या शैलीस चिकटले. फितीचे नाव शैलीचे नाव झाले, आणि तेही फितीचा अर्धाअधिक भाग विसरून. अर्थसंकोचाचे ह्याहून सुबोध उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

दोन अर्थ वेगळे झाल्याची परीक्षा लवकरच झाली. १९८८ च्या सुमारास कायली मिनोग ह्या ऑस्ट्रेलियन गायिकेच्या तबकड्या स्वतंत्र विक्रीक्रमाच्या शिखरावर दिसू लागल्या. तिची गाणी व्यावसायिक गीतकार-निर्मात्यांच्या सुसज्ज कारखान्यातून निघालेली, नृत्याच्या ठेक्याची आणि घरोघरी पोहोचलेली होती. परंतु तिची नाममुद्रा पी. डब्ल्यू. एल. ही होती आणि त्या तबकड्यांचे वितरण मोठ्या कंपन्यांबाहेरून होत होते. व्याख्येप्रमाणे त्या ‘इंडी’ होत्या. बोलीप्रमाणे त्यांना ‘इंडी’ म्हणणे हास्यास्पद होते. उलट, ‘सी ८६’ मध्ये समाविष्ट असलेल्या ‘द वेडिंग प्रेझेंट’ ह्या बँडने १९८९ मध्ये आर. सी. ए. ह्या मोठ्या कंपनीकडून तबकडी काढली, तरी श्रोते त्याला ‘इंडी’च म्हणत राहिले, कारण गिटारचा नाद पूर्वीचाच होता. ह्या दोन उदाहरणांत शब्दाचे दोन अर्थ परस्परांच्या विरुद्ध टोकांना जाऊन उभे राहिले आहेत.

मराठी वाचकास ही प्रक्रिया अपरिचित नाही. ‘पैठणी’ म्हणजे मूळची पैठणची. आज येवल्यात विणलेली पैठणीही पैठणीच असते, कारण स्थलवाचक शब्द वीणकामाचा वाचक झाला. ‘खादी’चे उदाहरण तर अधिकच जवळचे. खादी म्हणजे हाताने कातलेल्या सुताचे हातमागावर विणलेले कापड. शब्दाचा संबंध उत्पादनाच्या रीतीशी आहे, पोताशी नाही. परंतु जाडेभरडे पोत दृष्टीस सवयीचे झाले, की तसे दिसणारे गिरणीचे कापडही ‘खादी’ म्हणून विकता येते. आणि तसे झाले की ज्याने सूत कातले त्याची मजुरी शब्दाबरोबरच नाहीशी होते. म्हणून तेथे कायद्याची व्याख्या जपावी लागते. ‘इंडी’ ह्या शब्दाला असे संरक्षण मिळाले नाही.

६

दोन्ही अर्थ एकत्र नांदू शकतात, ह्याचेही एक उदाहरण नोंदविले पाहिजे. १९८७ मध्ये क्लेअर वॉड आणि मॅट हेन्स ह्या दोघांनी ब्रिस्टल येथे ‘सेरा रेकॉर्ड्स’ ही संस्था काढली. तिच्या बँडांचे गाणे शैलीच्या अर्थाने इंडी पॉप होते : हळुवार, आखूड, बोलल्यासारखे. परंतु संस्थाचालकांना शैलीइतकीच व्यवहाराची नीती महत्त्वाची वाटे. लहान आकाराची स्वस्त तबकडी हेच त्यांचे मुख्य माध्यम; श्रोत्याला एकच गाणे वेगवेगळ्या रूपांत पुन्हा पुन्हा विकत घ्यावयास लावणे त्यांना अमान्य होते. प्रत्येक प्रकाशनास त्यांनी क्रमांक दिला. त्यात काही अंक हस्तपुस्तिकांचे होते आणि पन्नासावा तर एका पटावरील खेळाचा. १९९५ मध्ये शंभरावा क्रमांक प्रसिद्ध करून त्यांनी संस्था आपणहून बंद केली. तोटा झाला म्हणून नव्हे, तर पुरे झाले म्हणून.

ह्याच काळात दुसरी बाजूही उघड झाली. १९९१ मध्ये रफ ट्रेडची वितरणसंस्था कोसळली, आणि जिच्यामार्फत माल विकला त्या संस्थेकडून येणे असलेले पैसे अनेक लहान नाममुद्रांना बुडाल्यात जमा करावे लागले. येथे ‘स्वतंत्र’ ह्या शब्दाची मर्यादा कळते. स्वतंत्र बँड एकाकी नसतो. तो मोठ्या कंपनीवर अवलंबून नसतो, परंतु छापणाऱ्यावर, दुकानदारावर, वितरकावर अवलंबून असतोच. किंबहुना त्याचे स्वातंत्र्य म्हणजे कोणावर अवलंबून राहावयाचे हे ठरविण्याची मोकळीक होय. आणि ती व्यवस्था मोडली की त्याच्या झळा प्रथम त्यालाच लागतात.

७

आज साधने बदलली आहेत. १९७९ मध्ये चार मार्गिकांचे ध्वनिमुद्रण साध्या कॅसेटवर करणारे यंत्र बाजारात आले, तेव्हाच ध्वनिमुद्रणगृह घरात येऊ लागले होते; आता ते संगणकात मावते. ठसे, वेष्टन, वाहतूक ह्यांवाचूनही गाणे जगभर पोहोचविता येते. २००८ मध्ये निघालेल्या ‘बँडकँप’सारख्या व्यवस्थेत बँड स्वतः किंमत ठरवितो आणि गाण्याच्या विक्रीतील १५ टक्के वा त्याहून कमी वाटा मध्यस्थास देऊन उरलेली रक्कम त्याच्याकडे राहते. १९७७ मध्ये हिशेब वेष्टनावर छापणाऱ्यांना हे स्वप्नवत् वाटले असते.

तरीही मूळ प्रश्न सुटला, असे म्हणता येत नाही. ही व्यवस्था २०२२ मध्ये एका खेळनिर्मिती कंपनीने आणि २०२३ मध्ये संगीताच्या परवान्यांचा व्यवसाय करणाऱ्या दुसऱ्या कंपनीने विकत घेतली. आणि ह्या दुसऱ्या हस्तांतराच्या वेळी तेथील सुमारे निम्म्या कर्मचाऱ्यांना काम गमवावे लागले. दुकानाचे मालक दोन वर्षांत दोनदा बदलले. त्यात गाणी ठेवणाऱ्या बँडांना कोणी विचारले नाही. छपाईचा खर्च उरला नाही, परंतु वितरणाची मालकी आजही दुसऱ्याचीच आहे. १९८० च्या व्यापारी साप्ताहिकाने विचारलेला प्रश्न – हा माल कोणाच्या हातून आला? – अजून शिळा झालेला नाही.

८

राहिला मराठी पर्यायाचा प्रश्न. ‘स्वतंत्र’ हा शब्द सहज सुचतो. पण मराठीत ‘स्वतंत्र कादंबरी’ म्हणजे अनुवादित वा रूपांतरित नसलेली. ‘स्वतंत्र गीत’ म्हटल्यास वाचक चाल नवी आहे असे समजेल, खर्च कोणी केला हे त्याला कळणार नाही. ‘अपक्ष’ निवडणुकीत अडकला आहे. ‘स्वायत्त’ महाविद्यालयांनी घेतला आहे. आपल्या वाङ्मयातील ‘लघुनियतकालिक’ हा शब्द ह्या संदर्भात मार्गदर्शक ठरावा. १९५४ च्या ‘शब्द’पासून पुढे जे चक्रमुद्रित वा अल्पखर्चाचे अंक निघाले, त्यांचे लघुत्व प्रथम आकाराचे आणि भांडवलाचे होते, पुढे तो शब्द एका वाङ्मयीन भूमिकेचा वाचक झाला. म्हणजे हाच पालट आपल्याकडेही झाला आहे, आणि तेथेही नवी भूमिका सांगणारा प्रत्येक लेखक पदरमोड करून छापणारा नव्हता.

माझी सूचना अशी की, एका शब्दावर दोन ओझी लादू नयेत. उत्पादनाच्या रीतीविषयी बोलावयाचे असेल तेथे ‘स्वप्रकाशित’ हा शब्द वापरावा. ‘इंडी’ हा उसना शब्द शैलीसाठी राखून ठेवावा. आणि कोणत्याही बँडविषयी लिहिण्यापूर्वी चार प्रश्न विचारावेत : ध्वनिमुद्रणाचा खर्च कोणी केला? मूळ ध्वनिमुद्रणाची मालकी कोणाची? वितरण कोणाचे? आणि हिशेब पाहण्याचा अधिकार कोणास आहे? ह्यांची उत्तरे मिळाल्यावर गाणे हळुवार की कर्कश, हे खुशाल ठरवावे.

चर्चासत्रातील त्या दोघांपैकी कोण बरोबर होते? शैलीचा अर्थ सांगणारी विद्यार्थिनी आजच्या वापराशी प्रामाणिक होती. आर्थिक अर्थ सांगणारा विद्यार्थी शब्दाच्या उगमाशी. वापर हाच अर्थाचा अंतिम आधार, हे तत्त्व भाषाशास्त्राचा अध्यापक म्हणून मी वर्गात शिकवितो आणि ते मागे घेण्याचे कारण मला दिसत नाही. परंतु शब्दाने टाकून दिलेला अर्थ ज्या वस्तूला लागू होता, ती वस्तू त्याबरोबर नाहीशी होत नाही. स्वतःच्या खिशातून तबकडी काढणारा बँड अजून आहे. केवळ त्याला उद्देशून असलेला शब्द दुसरीकडे गेला आहे. ज्याला नाव नाही त्याची दखल घेतली जात नाही, आणि ज्याची दखल घेतली जात नाही त्याचा हिशेबही कोणी मागत नाही. म्हणून अर्थपरिवर्तन नोंदविताना नवा अर्थ कोठे गेला, एवढेच पाहून अभ्यासकाने थांबू नये. जुन्या अर्थाच्या जागी काय रिकामे राहिले, हेही त्याने टिपून ठेवावे.